नभोवाणीतील तीस वर्षे आणि व्यंकटेश माडगूळकरांचे ललितेतर गद्य

१

व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांच्याविषयी मराठी समीक्षेने जे लिहिले आहे, त्याचा फार मोठा भाग त्यांच्या ग्रामीण कथेभोवती आणि 'बनगरवाडी' या एका कादंबरीभोवती फिरतो. ते योग्यच आहे. परंतु या विवेचनात दोन गोष्टी जवळजवळ नेहमी कोपऱ्यात राहतात. पहिली, त्यांनी १९५५ ते १९८५ अशी तीस वर्षे आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात काम केले ही. चरित्रपर टिपणात ती एका ओळीत येते आणि पुढे तिचा उपयोग होत नाही. दुसरी, त्यांच्या लेखनाच्या उत्तरार्धातील प्रवास, प्राणिजीवन, अरण्य, आठवणी व व्यक्ती या विषयांवरील ललितेतर गद्य ही. तिची वासलात 'शिकारीचा व भटकंतीचा छंद' या शब्दांत लावली जाते. कथाकाराने कथा लिहिणे कमी केल्यावर उरलेल्या वेळात केलेले लेखन, असा काहीसा भाव या वर्गीकरणात असतो.

प्रस्तुत लेखात या दोन दुर्लक्षित गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे काय, आणि असल्यास तो कोणत्या स्वरूपाचा आहे, याचा विचार करावयाचा आहे. प्रश्न केवळ चरित्राचा नाही. नभोवाणीसाठी लिहिलेले गद्य हे वाङ्मयाच्या इतिहासात मोजावयाचे की नाही, आणि कानासाठी लिहिण्याच्या सवयीने डोळ्यांसाठी लिहिलेले गद्य बदलते की नाही, हा मराठी गद्याच्या इतिहासातील एक मूलभूत प्रश्न आहे. गेल्या शतकातील अनेक मराठी लेखकांनी आयुष्याचा मोठा काळ आकाशवाणीच्या नोकरीत घालविला. मर्ढेकर तेथे अधिकारी होते, पु. ल. देशपांडे तेथे होते; मंगेश पाडगावकर, रवींद्र पिंगे तेथे होते. तरीही या माध्यमाने मराठी गद्याला काय दिले, याचे उत्तर आपण क्वचितच शोधले आहे.

हा विषय सोलापुरात बसून अभ्यासण्यास आणखी एक कारण आहे. माडगूळकरांचा माणदेश म्हणजे माण नदीचे खोरे. ही नदी सातारा जिल्ह्यात उगम पावते, सांगली जिल्ह्यातील आटपाडीच्या मुलखातून वाहते आणि आपल्या सांगोला तालुक्यातून पुढे जाऊन भीमेस मिळते. माडगूळ हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. त्या काळी ते औंध संस्थानात होते. परंतु ज्या बोलीत माडगूळकरांची पात्रे बोलतात, ती बोली आपल्या वर्गात बसलेल्या सांगोल्याच्या व माळशिरसच्या विद्यार्थ्यांच्या घरची आहे. तिच्याविषयीचे आपले मत ऐकीव असण्याचे कारण नाही.

२

प्रथम कालक्रम नीट ठेवला पाहिजे, कारण सर्व युक्तिवाद त्यावर उभा आहे.

१९४२ च्या चळवळीत उडी घेतल्याने माडगूळकरांचे शालेय शिक्षण अपुरे राहिले. चित्रकार होण्याची ओढ होती. ती पुढेही सुटली नाही. 'काळ्या तोंडाची' या कथेने ते 'अभिरुची'च्या वाचकांपुढे आले. 'माणदेशी माणसं' हा व्यक्तिचित्रांचा संग्रह १९४९ साली आणि 'गावाकडच्या गोष्टी' १९५१ साली प्रसिद्ध झाला. 'बनगरवाडी' १९५५ सालची. तिचे राम देशमुख यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९५८ साली निघाले. म्हणजे ज्या पुस्तकांवर माडगूळकरांची कीर्ती मुख्यत्वे उभी आहे, ती सारी आकाशवाणीतील नोकरी स्थिरावण्यापूर्वीची आहेत.

पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. माडगूळकर तेथे आले त्या १९५५ सालच्या १ एप्रिलपासून त्यांचे थोरले बंधू ग. दि. माडगूळकर यांचे 'गीतरामायण' त्याच केंद्रावरून प्रसारित होऊ लागले. एका भावाच्या नभोवाणीवरील कामाची गणना महाराष्ट्राने आपल्या सांस्कृतिक ठेव्यात केली. दुसऱ्याचे तीस वर्षांचे दैनंदिन काम हवेत विरून गेले. यात अन्याय झाला असे म्हणता येणार नाही. गीत गायिले जाते, छापले जाते, पुन्हा गायिले जाते. शेतकऱ्यांसाठी केलेला सायंकाळचा कार्यक्रम त्या सायंकाळपुरताच असतो. परंतु जे टिकले नाही त्याचा परिणामही झाला नाही, असे मानणे मात्र चुकीचे होईल.

यानंतरचा क्रम असा: 'वावटळ' (१९६४), नाटके, चित्रपटकथा, पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून 'नागझिरा', ऑस्ट्रेलियाच्या प्रवासावरील 'पांढरी मेंढरे हिरवी कुरणे', 'जंगलातील दिवस' ही ललितेतर पुस्तके, आणि १९८२ साली वानरांच्या टोळ्यांवरील 'सत्तांतर'. या पुस्तकास १९८३ सालचे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी अंबाजोगाई येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९८५ साली ते नोकरीतून निवृत्त झाले.

या क्रमावरून एक गोष्ट तत्काळ ध्यानात येते. 'नभोवाणीकार पुढे ललितेतर लेखनाकडे वळला' ही मांडणी माडगूळकरांना जशीच्या तशी लागू पडत नाही. 'माणदेशी माणसं' हे पुस्तकच मुळात कल्पिताच्या आणि वास्तवाच्या सीमेवर आहे. धर्मा रामोशी, झेल्या, रामा मैलकुली ही पाहिलेली माणसे आहेत, आणि लेखक ती पाहिली म्हणूनच सांगतो. तेव्हा खरा क्रम 'पाहिलेल्याचे गद्य, मग नभोवाणी, मग पुन्हा पाहिलेल्याचे गद्य' असा आहे. मधल्या तीस वर्षांनी पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करताना काय केले, हा आपला प्रश्न होय.

३

त्यासाठी ग्रामीण कार्यक्रमाचे काम म्हणजे नेमके काय होते, हे पाहिले पाहिजे.

भारतातील नियमित नभोवाणी १९२७ साली मुंबईस सुरू झाली. तिचा आरंभीचा श्रोता नागर होता. खेड्यातील श्रोता हा स्वातंत्र्योत्तर काळात नियोजनाच्या गरजेतून पुढे आला. या दृष्टीने पुणे केंद्राचे स्थान देशात विशेष आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुण्याच्या परिसरातील सुमारे दीडशे खेड्यांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोन, असे दहा आठवडे वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक गावी सुमारे वीस जणांचे मंडळ एकत्र बसून कार्यक्रम ऐके, नंतर त्यावर चर्चा करी, आणि शंका केंद्राकडे लिहून पाठवी. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमात दिली जात. 'ऐका, चर्चा करा, कृती करा' हे या प्रयोगाचे सूत्र होते. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली, आणि माथुर व न्यूराथ यांचा त्यावरील अहवाल युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला. नभोवाणीच्या द्वारा शेतकऱ्याशी केवळ बोलता येते असे नव्हे, तर त्याचे ऐकूनही घेता येते, हे या प्रयोगाने दाखविले. माडगूळकर त्याच केंद्रावर, त्याच विभागात, आदल्या वर्षी रुजू झाले होते. ज्या वातावरणात त्यांच्या नोकरीचा आरंभ झाला, ते हे वातावरण होय.

आता भाषेचा विचार करू. कानासाठी लिहिणे म्हणजे 'सोपे लिहिणे' नव्हे. ते वेगळ्या व्याकरणाने लिहिणे आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि विशेषणे, धातुसाधिते नामाच्या आधी येतात. त्यामुळे लिखित मराठीत नामापूर्वी कितीही मजकूर रचता येतो. 'गतवर्षी अतिवृष्टीने नुकसान झालेल्या व पंचनामे पूर्ण झालेल्या गावांतील शेतकऱ्यांना मदत मिळेल' हे वाक्य कागदावर निर्दोष आहे. वाचक मागे जाऊ शकतो. श्रोता मागे जाऊ शकत नाही. 'शेतकऱ्यांना' हा शब्द येईपर्यंत आपण कोणाविषयी ऐकत आहोत हे त्याला कळत नाही, आणि तो शब्द येतो तेव्हा मागचे निम्मे निसटलेले असते. हेच नभोवाणीसाठी लिहावयाचे तर, 'गेल्या वर्षी पाऊस फार झाला. पिके गेली. ज्या गावांत पंचनामे झाले, तिथल्या शेतकऱ्यांना मदत मिळेल,' असे करावे लागते. धातुसाधिताच्या जागी पूर्ण क्रियापद येते. एका वाक्याची तीन होतात. संबंध जोडण्यासाठी 'ज्या–तिथल्या' अशी सर्वनामांची जोडी उपयोगी पडते. 'अनुक्रमे', 'उपरोक्त', 'पुढीलप्रमाणे' हे शब्द कागदाचे आहेत. कानास त्यांचा काही उपयोग नाही, कारण कानाला 'वर' आणि 'खाली' नसते, फक्त 'आधी' आणि 'मागून' असते.

दुसरे बंधन वेळेचे. नभोवाणीवरील भाषण ठरलेल्या मिनिटांत संपले पाहिजे. लेखकाला विषयात शिरण्यास अवकाश नसतो. पहिल्या दोन वाक्यांत श्रोता जागेवर बसला पाहिजे. तिसरे बंधन श्रोत्याचे. ग्रामीण कार्यक्रमाचा श्रोता अनेकदा विषयात लेखकापेक्षा जाणता असतो. बैल कसा ओळखावा, हे शेतकऱ्याला सांगताना सैल विशेषण चालत नाही. 'सुंदर बैल' म्हणून भागत नाही; शिंगे, वशिंड, खूर, रंग यांविषयी बोलावे लागते. वस्तूचे अचूक नाव हे येथे शैलीचे अलंकरण नसून विश्वासाची पहिली अट असते.

४

वरील तिन्ही गुण, म्हणजे लहान पूर्ण वाक्ये, प्रस्तावनेवाचूनचा आरंभ आणि वस्तूचे अचूक नाव, माडगूळकरांच्या उत्तरकालीन गद्यात ठळकपणे आढळतात. यावरून 'हे सारे नभोवाणीने दिले' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. कारण हेच गुण 'माणदेशी माणसं'मध्येही आहेत, आणि ते पुस्तक आकाशवाणीपूर्वीचे आहे. जे कारण कार्याच्या नंतर उपस्थित होते, ते कारण होऊ शकत नाही.

याची एक छोटी परंतु बोलकी साक्ष ग्रंथनामांत मिळते. 'माणदेशी माणसं' या नावात 'माणसे' असे लेखी रूप नाही. सानुस्वार उच्चारी रूप आहे. 'गावाकडच्या' हेही बोलण्यातले रूप आहे. लेखनाच्या रीतीने ते 'गावाकडील' झाले असते. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम झाले, त्यांत अशी सानुस्वार रूपे मुख्यतः पात्रांच्या तोंडच्या भाषेपुरती मान्य झाली. माडगूळकरांनी त्याच्या तेरा वर्षे आधी असे रूप थेट पुस्तकाच्या माथ्यावर ठेवले होते. उलट, नभोवाणीत दोन तपे काढल्यानंतरच्या पुस्तकांची नावे पाहा: 'पांढरी मेंढरे हिरवी कुरणे', 'जंगलातील दिवस'. येथे 'मेंढरे', 'कुरणे', 'जंगलातील' ही शुद्ध लेखी रूपे आहेत. 'अशी माणसं अशी साहसं' यासारखा अपवाद आहे, आणि केवळ नावांवरून सिद्धान्त उभारणे शहाणपणाचे नाही. तथापि नभोवाणीमुळे लेखक अधिकाधिक 'बोलका' होत गेला, या सोप्या समजुतीला ही नावे पुष्टी देत नाहीत, एवढे निश्चित.

आणखी एक कसोटी तुलनेची. पु. ल. देशपांडे त्याच सुमारास आकाशवाणीत होते. त्यांची 'अपूर्वाई' (१९६०) व 'पूर्वरंग' (१९६३) ही प्रवासवर्णने माडगूळकरांच्या ऑस्ट्रेलियाविषयीच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचावीत. पु. लं.चे गद्य सतत समोरच्या श्रोत्याशी बोलते. त्याला विश्वासात घेते, चिडवते, त्याच्या हसण्यासाठी क्षणभर थांबते. माडगूळकरांच्या गद्यात असा श्रोता समोर नसतो. बोलणारा वाचकाकडे न पाहता, दोघांच्याही समोर असलेल्या वस्तूकडे पाहत असतो. एकाच संस्थेत राहिलेल्या दोन लेखकांचे गद्य इतके भिन्न असेल, तर माध्यम शैली घडवते हे विधान फार ढोबळ ठरते.

मग नभोवाणीने माडगूळकरांना दिले तरी काय? आमच्या मते उत्तर वाक्यरचनेत शोधावयाचे नाही. ते निवेदकाच्या स्थानात शोधावयाचे आहे.

५

'माणदेशी माणसं'मधील निवेदक हा त्या जगाचा रहिवासी आहे. धर्मा रामोशी त्याच्या दाराशी येतो. घरातले जुने धोतर त्याला दिले जाते. आणि अखेर ते धोतर धर्माच्या लेकीच्या अंगावर दिसते. निवेदक तेथे भाष्य करीत नाही. जे दिसले ते सांगून तो थांबतो. मराठी व्यक्तिचित्रात या थांबण्याला फार मोल आहे. परंतु हे मौन ज्याला सर्व ठाऊक आहे अशा माणसाचे मौन आहे. धर्माचे घर, जात, भूक, लाज यांविषयी निवेदकाला व वाचकाला सांगून समजण्यासारखे काही उरलेले नाही. एक धोतर पुरेसे होते. 'बनगरवाडी'तील तरुण मास्तर काहीसा बाहेरचा आहे, तरी वर्षभरात तो त्या धनगरवाडीचा होतो, आणि दुष्काळाने वाडी उठते तेव्हा त्याचेही काही उठते.

'नागझिरा'तील निवेदक असा नाही. विदर्भातील त्या अरण्यात तो मुक्कामाला गेलेला परका माणूस आहे. तेथील प्राण्यांविषयी त्याचे ज्ञान अपुरे आहे, आणि त्याची त्याला जाणीव आहे. म्हणून तो पायी हिंडतो, पाणवठ्याजवळ बसतो, वाट पाहतो, दिसले ते नोंदवितो. येथेही भाष्य कमी आहे. परंतु हे मौन वेगळ्या जातीचे आहे. ज्याला अद्याप कळलेले नाही, आणि कळल्याचा आव आणावयाचा नाही, अशा माणसाचे ते मौन आहे. दोन्ही पुस्तकांतील वाक्ये लांबीने सारखी असतील. त्यांच्यामागील ज्ञानाची स्थिती सारखी नाही.

या बदलात नभोवाणीच्या कामाचा वाटा आहे, असे आम्हास वाटते. ग्रामीण कार्यक्रमाचा अधिकारी हा दोन ज्ञानांच्या मधला माणूस असतो. एका बाजूस कृषितज्ज्ञ, पशुवैद्य, सरकारी अधिकारी. दुसऱ्या बाजूस शेतकरी. तो स्वतः दोघांपैकी कोणीही नसतो. तज्ज्ञाकडून माहिती घ्यावयाची, ती बरोबर आहे की नाही याची खात्री करावयाची, आणि स्वतःचे पांडित्य मध्ये न आणता ती पोचवावयाची, हे त्याचे काम. तीस वर्षे हे करणाऱ्या लेखकाला 'मला ठाऊक आहे' आणि 'मी विचारून घेतले' यांतील भेद अंगवळणी पडतो. ललितेतर गद्याचा हा पाया आहे. कथाकाराला त्याची गरज नसते; कथेत लेखकाला सर्व ठाऊक असते, नसल्यास तो ते निर्माण करतो.

'सत्तांतर' या पुस्तकात याचा उत्कर्ष दिसतो. ग्रंथालयात ते कादंबरीच्या फडताळात असते. परंतु त्याची सामग्री प्राणिशास्त्राची आहे: वानरांच्या टोळ्या, त्यांच्या हद्दी, नरांमधील झुंजी, टोळीचा ताबा घेणाऱ्या नव्या नराकडून होणारा पिलांचा संहार. हे शेवटचे वर्तन शास्त्राच्या चर्चेत आले ते आपल्या शेजारच्या धारवाडमुळे. जपानी संशोधक सुगियामा यांनी तेथील वानरांचे निरीक्षण करून १९६० च्या दशकात ते नोंदविले. पुढे सारा ह्रडी यांनी अबूच्या वानरांवर केलेल्या कामाचे पुस्तक १९७७ साली आले, आणि या वर्तनाच्या कारणांविषयी जगभर वाद झाला. १९८२ साली मराठीत निघालेले 'सत्तांतर' या चर्चेच्या काळातले आहे. मराठी वाचकाने त्यात राजकारणाचे रूपक पाहिले. नावही त्यास अनुकूल आहे, आणि आणीबाणीनंतरच्या सत्तापालटांनी हा शब्द नुकताच सर्वांच्या तोंडी बसला होता. परंतु रूपक म्हणून वाचले की पुस्तक लहान होते. वानर हे माणसाचे प्रतीक झाले की त्याच्याकडे पाहण्याचे कारण उरत नाही. या पुस्तकाचे बळ, वानर हे वानरच राहतात, यात आहे. त्यांना ओळखीपुरती नावे मिळतात. मानवी तत्त्वज्ञान मिळत नाही. पंचतंत्रापासून चालत आलेली प्राणिकथेची परंपरा येथे एका अर्थाने उलटी झाली आहे. तेथे प्राणी माणसाचे शहाणपण बोलतात. येथे लेखक प्राण्यापुढे स्वतःचे शहाणपण मिटून ठेवतो.

६

आता एका अवघड प्रश्नाकडे वळले पाहिजे. माडगूळकरांच्या गद्याचा भर गावाकडून जंगलाकडे का सरकला?

एक उत्तर असे दिले जाईल की, सरकारी नोकरीतील लेखकाला गाव जपून लिहावे लागते. अरण्यात तो मोकळा असतो. हे उत्तर पूर्ण पटणारे नाही. 'वावटळ' ही कादंबरी गांधीहत्येनंतर १९४८ साली खेड्यापाड्यांतून झालेल्या जाळपोळीवर आहे, आणि ती त्यांनी नोकरीत असतानाच लिहिली. भिऊन विषय टाळणाऱ्या लेखकाने हा विषय निवडला नसता.

आमचे अनुमान वेगळे आहे. ग्रामीण कार्यक्रमात गाव हा सुधारणेचा विषय असतो. संकरित बियाणे, खते, कूपनलिका, दुभती जनावरे, सहकारी सोसायटी या दिशेने बोलावयाचे असते. हे काम उपयोगाचे होते, आणि ते मनोभावे करणारी माणसे तेथे होती. परंतु ज्या गावाकडे आपण दिवसभर 'काय असावे' या दृष्टीने पाहतो, त्याच गावाकडे रात्री 'काय आहे' या दृष्टीने पाहणे सोपे नसते. धर्मा रामोशीला योजनेचा लाभार्थी म्हणून संबोधण्याची सवय झाल्यावर त्याच्या लेकीच्या अंगावरील धोतर दिसेल काय? दिसेलही, पण ते पाहून नुसते थांबता येणार नाही, काहीतरी सुचवावे लागेल. अरण्यात सुचविण्यासारखे काही नसते. सांबराला कोणी सल्ला देत नाही. ज्या लेखकाचा पहिला गुण पाहून थांबणे हा होता, त्याला तो गुण वापरण्यास मोकळी जागा जंगलात मिळाली. नभोवाणीने त्याला दोन गोष्टी एकदमच दिल्या असे म्हणावे लागेल: ललितेतर गद्याची शिस्त दिली, आणि त्या शिस्तीचा जो सर्वांत स्वाभाविक विषय होता, तो माणदेश, काहीसा दूर नेला.

हे अनुमान बरोबर असेल, तर माडगूळकरांच्या उत्तरकालीन गद्यातील एका मर्यादेचाही उलगडा होतो. ही पुस्तके प्रकरणांची आहेत. प्रत्येक प्रकरण स्वतःपुरते पूर्ण असते, त्याला आरंभ, एक-दोन दृश्ये आणि अचानक शेवट असतो. हा जवळजवळ नभोवाणीवरील भाषणाचा घाट आहे. त्यातून उत्कृष्ट पाने मिळतात. परंतु एखादा प्रश्न हाती धरून शंभर पाने त्याचा पाठपुरावा करावा, असे घडत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७३ चा व्याघ्रप्रकल्प यांनी भारतातील अरण्यांचा, तेथील प्राण्यांचा आणि माणसांचा संबंध पुनः आखला. माडगूळकरांची अरण्यविषयक पुस्तके याच काळानंतरची आहेत. परंतु धोरणाची मीमांसा त्यांच्या कक्षेत येत नाही. दिसणारे हरीण येते. ते येथे का उरले व तेथे का संपले, याची कारणपरंपरा येत नाही. पाहून थांबण्याच्या वृत्तीची ही किंमत आहे. ती मोठी आहे की लहान, हे वाचकाने ठरवावे. ती नाहीच असे म्हणणे हा भक्तिभाव होईल.

७

या संदर्भात सोलापूरचेच असलेले मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. तेही नोकरीतून ललितेतर गद्याकडे आले. त्यांची नोकरी वनखात्यातील होती. त्यांचा अरण्याशी संबंध मुक्कामाचा नव्हता, जन्मभराच्या कामाचा होता. त्यामुळे त्यांच्या गद्याचा पिंड संग्राहकाचा आहे: पक्ष्यांची, वृक्षांची स्थानिक नावे, वनवासींच्या समजुती, संस्कृत ग्रंथांतील उल्लेख हे सारे ते जमवितात, आणि त्याची परिणती 'पक्षिकोशा'त होते. २००६ साली सोलापुरात भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा या प्रकारच्या गद्याला वाङ्मयाच्या मुख्य प्रवाहात स्थान मिळाल्याचे मानले गेले. तेवीस वर्षांपूर्वी अंबाजोगाईस माडगूळकर अध्यक्ष झाले होते, परंतु तो मान मुख्यतः कथाकाराचा होता.

दोघांतील फरक भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचा, तर चितमपल्लींचे गद्य नामप्रधान आहे आणि माडगूळकरांचे क्रियाप्रधान. पहिल्याचे लक्ष 'याला काय म्हणतात' याकडे, दुसऱ्याचे 'हे काय करीत आहे' याकडे. पहिला कोशाकडे जातो, दुसरा दृश्याकडे. नभोवाणीवर बोललेली नामांची यादी श्रोता विसरतो. क्रिया मात्र त्याच्या डोळ्यांपुढे राहते. हा भेद केवळ माध्यमाने घडविला असे मागील विवेचनानंतर म्हणता येणार नाही. माडगूळकरांतील चित्रकारही येथे बोलत असतो. परंतु माध्यमाने त्यास खतपाणी घातले, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

८

या विवेचनातून निघणारे निष्कर्ष थोडक्यात असे. माडगूळकरांच्या गद्यातील बोलीचा लहेजा व लहान वाक्ये नभोवाणीपूर्वीची आहेत. ती माणदेशाची देणगी आहे. नभोवाणीने त्यांच्या निवेदकाचे स्थान बदलले: सर्व ठाऊक असलेल्या रहिवाशाच्या जागी विचारून, पाहून, खात्री करून सांगणारा माणूस आला. हाच माणूस त्यांच्या ललितेतर गद्याचा कर्ता होय. म्हणून ते गद्य छंदाचे उपफळ न मानता, तीस वर्षांच्या व्यवसायातून सिद्ध झालेला स्वतंत्र वाङ्मयीन टप्पा मानला पाहिजे. आणि त्याच्या मर्यादाही त्याच व्यवसायाच्या घाटातून आलेल्या आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे.

यांतील पहिला निष्कर्ष तपासून पाहण्याजोगा आहे, आणि ते काम आपल्या विद्यार्थ्यांस करता येईल. १९५५ पूर्वीच्या व १९७५ नंतरच्या पुस्तकांतील सारख्या लांबीचे उतारे घेऊन वाक्यांची सरासरी लांबी, नामापूर्वीच्या धातुसाधितांचे प्रमाण, 'जो–तो' रचनेची वारंवारता आणि सानुस्वार रूपांची संख्या मोजावी. आकडे आमच्या विरुद्ध गेले, तर हा निष्कर्ष सोडून द्यावा लागेल. दुसरे काम अधिक तातडीचे आहे. सायंकाळी चावडीवर किंवा ग्रामपंचायतीत बसून शेतकी कार्यक्रम ऐकणारी पिढी सांगोला, मंगळवेढे, माळशिरस या तालुक्यांत आता थोडी उरली आहे. त्या कार्यक्रमांतील कोणती भाषा त्यांना आपली वाटली, कोणती सरकारी वाटली, हे त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करून ठेवता येईल. प्रक्षेपण झालेला शब्द परत मिळणार नाही. परंतु तो ज्या कानांवर पडला, ते कान अजून काही वर्षे साक्ष देऊ शकतील. पुढील सत्रात क्षेत्रीय अभ्यासाचा विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्यांनी याचा विचार करावा.